तो कौल की ते कौल

एका जंगलात एक कासव अध्यक्ष होतं. जंगलाचं नाव विचारू नका, बाळांनो. मी सांगितलं तर तुम्ही नकाशात शोधाल, आणि सापडलं तर माझी पंचाईत.

या कासवाला काम एकच. कारभार सगळा वाघाकडं. वाघ हुकूम काढायचा, नदीकाठच्या सपाट खडकावर जायचा आणि कासवापुढं तो मोठ्यानं म्हणून दाखवायचा. कासव म्हणायचं, "हूं." झाला हुकूम पक्का. त्या हूंशिवाय जंगलात पान हलत नसे. म्हणजे हलायचं, पण बेकायदा हलायचं.

वर्षानुवर्षं असं चाललं. कासवानं कधी कुणाला "ऊंहूं" म्हणून दुखावलं नाही. सगळे म्हणत, अध्यक्ष असावा तर असा. गंभीर, मितभाषी, ऊन असो की थंडी असो, जागचा हलणार नाही.

एक दिवस मुंग्यांची रांग कासवाच्या मानेच्या भोकातून आत गेली आणि शेपटीच्या भोकातून बाहेर आली. वाटेत त्यांना कुणी भेटलं नाही.

वाकून पाहिलं तर कवच रिकामं. कासव आत नव्हतंच. कधीपासून नव्हतं, ते कुणाला सांगता येईना. नदीवरून वारा सुटला की तो एका भोकातून शिरून दुसऱ्यातून निघे आणि कवच आपलं आपण हूं म्हणे. वाघ हुकूम घेऊन नेहमी संध्याकाळी, वारा सुटल्यावरच का येतो, हेही मग काही जणांच्या ध्यानात आलं. पण ते त्यांनी ध्यानातच ठेवलं. वाघापुढं ध्यानाबाहेर काही काढू नये.

वाघ मुंग्यांवर फार चिडला. इतकं सुरळीत चाललं होतं, तुम्हाला मधून जायला कुणी सांगितलं होतं, असं त्याचं म्हणणं. पण बोभाटा झाला होता. नवा अध्यक्ष निवडणं आलं.

उभे राहिले दोघं. एक मोर आणि एक गवा. गवा तुम्ही पाहिला नसेल. म्हशीला तालमीत घातलं तर जे तयार होईल तो गवा. मोर शोभेचा उमेदवार, गवा वजनाचा. दोघांनाही हूं म्हणता येत होतं. मोराला जरा शिकवावं लागलं, एवढंच.

आता या गोष्टीत एक टिटवी आहे, तिच्याकडं नीट लक्ष द्या.

टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या वाळूत चार खडे बाजूला सारते आणि तिथंच अंडी घालते. अंडीही खड्यांसारखीच, म्हणजे चोराला दिसत नाहीत. पण जी चोराला दिसत नाहीत ती चालणाऱ्यालाही दिसत नाहीत. या टिटवीची चार अंडी त्या सपाट खडकाच्या पायथ्याशी होती आणि तिथूनच गव्यांच्या कळपाची नदीवर उतरायची वाट जात होती. गवे वर्षभर वरच्या रानात असत. चैत्र तापला, वरचं पाणी आटलं, की सगळा कळप त्या वाटेनं खाली यायचा. मोठमोठे खूर. खाली बघून चालायची पद्धत त्यांच्यात नाही.

"अंडी उचलून पलीकडं ठेवू," टिटवा म्हणाला. हा टिटवीचा नवरा. तो पाठीवर पडून पाय वर करून होता. टिटव्या पाय वर करून झोपतात ते आभाळ खाली पडू नये म्हणून. त्या कामासाठी त्यांना कुणी निवडून दिलेलं नाही, तरी करतात.

"कशानं उचलू? चोचीनं?" टिटवी म्हणाली. "तुम्ही आभाळ बघा. वाळूचं मी बघते."

वाट वळवली तर अंडी वाचणार होती. वाट वळवायची तर अध्यक्षाचं हूं लागणार होतं. टिटवी आधी गव्याकडं गेली. गवा म्हणाला, वाट वाडवडलांची आहे, तिला मी कोण वळवणार. मग ती मोराकडं गेली. मोर म्हणाला, वळवू की. कळप उतरला की धुरळा उडतो आणि त्यानं माझ्या पिसाऱ्याचे डोळे चुरचुरतात. टिटवीला कारणाशी काय करायचं होतं? तिनं मनाशी ठरवलं, आपलं मत मोराला.

तसं सांगायला ती घोरपडबाईंकडं गेली. निवडणुकीचं सगळं घोरपडबाईंच्या हाती होतं. घोरपड कड्याला चिकटली की सुटत नाही म्हणतात. या बाई नियमाला चिकटल्या होत्या.

"मोराला मत द्यायचा तुला अधिकार नाही," घोरपडबाई म्हणाल्या.

"मग कुणाला आहे?"

"तू ज्याला मत देशील, त्याला."

"म्हणजे मी त्याला मत देऊ, आणि तो मोराला देईल?"

"देईल, किंवा देणार नाही. ते त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर."

"आणि माझी बुद्धी?"

"ती तू त्याला दिलीस ना."

टिटवीनं विचारलं, बाई, सरळ का नाही घेत निवडणूक? घोरपडबाईंनी डोळे मिटले. एकदा घेतली होती सरळ, त्या म्हणाल्या. ज्याची डोकी जास्त तो जिंकला. वाळवी निवडून आली. निवडून आल्या आल्या तिनं मतपेटी खाल्ली. तेव्हापासून निवडणूक अप्रत्यक्ष. प्रत्येक पाणवठ्यानं एक प्रतिनिधी द्यायचा आणि प्रतिनिधींनी मिळून अध्यक्ष.

"अप्रत्यक्ष म्हणजे?"

घोरपडबाईंनी थोडा विचार केला. "तिरकी," त्या म्हणाल्या.

हे ऐकल्यावर नदीच्या पाणवठ्यावर प्रतिनिधी कोण, याची चर्चा फार लांबली नाही. निवडणूक तिरकी आहे, तर आपल्यातला सगळ्यात तिरका जाणारा खेकडा. एकमतानं गेला. टिटवीनं त्याला बजावलं, भाऊ, मोरालाच हं. खेकड्यानं दोन्ही नांग्या वर करून शब्द दिला.

आमराईच्या पाणवठ्यानं हुप्प्याला पाठवलं. तो वानरांचा म्होरक्या, काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा. गुहेतल्या पाण्यानं वटवाघूळ पाठवलं. बाकी पाणवठ्यांचेही होते, पण ते शेजाऱ्याचं बघून हात वर करणारे. त्यांची नावं घेऊन तुमचं डोकं कशाला उठवू.

आणि त्याच दिवशी घोरपडबाईंनी आचारसंहिता लावली.

आचारसंहिता म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, पुढं उपयोगी पडेल. निवडणूक संपेपर्यंत नवीन बीळ खणायचं नाही. नवीन वाट पाडायची नाही. कळपानं चालायचं नाही, कारण कळप चालला की ती मिरवणूक होते. शिकार मात्र बंद नव्हती. शिकारीचं उद्घाटन बंद होतं.

गव्यांचा कळप त्यामुळं वर रानातच अडकला. टिटवीनं अंड्यांवर बसून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

मतदानाची पौर्णिमा आली. घोरपडबाईंनी सांगावा धाडला. सांगावा सरकारी, म्हणजे आखूड. "सर्व प्रतिनिधींनी कौल घेऊन खडकावर हजर राहणे." घोटाळा झाला तो इथं.

प्रतिनिधी जमले. सगळे हात हलवत आले. हुप्प्या एकटा काखेत काहीतरी धरून आला. त्यानं ते खडकावर ठेवलं. लाल, मातीचं, नळीचं. घराच्या छपरावरचं कौल.

त्याची काही चूक नव्हती, बाळांनो. हुप्प्याचा जन्म गावाकडच्या आमराईत गेला. लहानपणापासून तो कौलांवरून उड्या मारत आलेला. कौल म्हटल्यावर त्याला दुसरं काय आठवणार? गावाच्या देवळाचं छप्पर सगळ्यात जवळ होतं, तिथलं एक त्यानं उपसून आणलं.

बाकीचे हसले. हुप्प्यानं शांतपणे विचारलं, "तुमचं कुठाय?"

"आमचा कौल मनात आहे," वटवाघूळ म्हणालं.

"मनात? काढ बघू बाहेर."

आता मनातलं बाहेर काढून दाखवायचं म्हणजे पंचाईत. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. घोरपडबाई पुढं आल्या. त्यांनी कौल जिभेनं चाटून बघितलं. बघण्याची त्यांची तीच रीत. मग म्हणाल्या, प्रश्न लिंगाचा आहे.

तो कौल म्हणजे लोकांचा निर्णय. ते कौल म्हणजे घरावरचं. सांगाव्यात नुसतं कौल म्हटलंय. तो घेऊन या की ते घेऊन या, हे म्हटलेलं नाही.

यावर चार दिवस खल झाला. तो म्हणणाऱ्यांचा एक गट पडला, ते म्हणणाऱ्यांचा दुसरा. ती म्हणणाराही एक जण निघाला, पण तो झोपेतून उठून आला होता. शेवटी घोरपडबाईंनी निवाडा दिला. मनातला कौल मोजता येत नाही, हातातलं मोजता येतं. मोजता येतं ते ग्राह्य.

झालं. सगळे प्रतिनिधी गावाकडं पळाले.

एकेकानं एकच आणायचं असं कुठं म्हटलेलं नव्हतं. त्यामुळं ज्याचे हात लांब त्याची मतं जास्त. पडवीची आली, गोठ्याची आली. देवळाचं छप्पर तर निम्म्यावर आलं. खडकावर दोन ढीग लागले, मोराचा एक, गव्याचा एक. आपलं कौल आणायचं आणि ज्याला मत त्याच्या ढिगावर ठेवायचं. आता प्रतिनिधी कुणाच्या ढिगाकडं कसे वळले, ते विचारू नका. मोराकडून पिसं मिळत होती आणि गव्याकडून अभय. पिसं घेतलेले गव्याकडं जात होते आणि अभय घेतलेलेही गव्याकडंच.

वटवाघळानं मोराला पहिली पसंती दिली. पण दिली उलटं लटकून. घोरपडबाईंनी ती शेवटची धरली.

खेकडा सगळ्यात उशिरा आला. पाठीवर कौल घेऊन तो वाळूतून मोराच्या ढिगाकडं निघाला आणि चालत चालत गव्याच्या ढिगाशी पोचला. कौल तिथं उतरवलं.

टिटवी वरून बघत होती. ती खाली आली. "भाऊ, हे काय केलंस?"

"ताई, मी सरळ मोराकडंच निघालो होतो."

"तू सरळ कधी निघाला होतास रे?"

खेकडा तिरका तिरका पाण्यात गेला.

पुढचं आणखी वाईट झालं. गवा आपला ढीग बघायला आला. एकटा आला, कळप नव्हता, म्हणून नियमात बसलं. फिरताना त्याचा पाय मोराच्या ढिगावर पडला. काड्कन आवाज झाला.

"मतं फुटली," घोरपडबाई म्हणाल्या.

फुटलेलं मत कुणाचं, असा प्रश्न आला. बाईंनी नियम आठवून सांगितलं की ज्याच्या पायाखाली फुटतं त्याचं. आणि दोन तुकडे झाले असतील तर दोन. गव्यानं पाय उचलला, थोडा विचार केला आणि पुन्हा ठेवला.

आता निकाल उघड होता. गवा अध्यक्ष होणार. वाट तीच राहणार. निकाल लागला की आचारसंहिता उठणार आणि तहानलेला कळप त्याच घटकेला खाली सुटणार. टिटवीनं अंड्याला कान लावला. आत चोच घासल्याचा आवाज येत होता, पण कवच अजून घट्ट होतं.

घोरपडबाई निकाल सांगायला खडकावर चढू लागल्या. त्यांची शेपटी अंड्यांच्या अगदी जवळून सरपटत गेली आणि टिटवी ओरडली.

टिटवीचं ओरडणं तुम्ही ऐकलंय ना? रानातून जाताना एकदम कानाशी येतं. मोठी माणसं म्हणतात अपशकुन झाला, आज काम होणार नाही. अपशकुन वगैरे काही नाही. ती विचारत असते, "टिकेल का? टिकेल का?" अंड्यांबद्दल विचारत असते, बिचारी. दुसऱ्या कशाबद्दल विचारायला तिला वेळ कुठाय.

घोरपडबाईंचा उचललेला पाय तसाच राहिला. "हरकत आली," त्या म्हणाल्या. "निकाल टिकेल का, असं मतदार विचारतो आहे. मोजणी पुन्हा."

टिटवी चकित झाली. अंड्यांवर बसली आणि विचार करू लागली. फार विचार करायची गरज नव्हती.

मोजणी पुन्हा झाली. बाई पुन्हा खडकावर चढायला निघाल्या. टिटवीनं पुन्हा विचारलं, टिकेल का? बाई पुन्हा थांबल्या. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मोजलं असतं तर तुम्ही त्यावरही हरकत घेतली असती.

मोराला वाटलं हे आपल्यासाठी चाललंय. तो येऊन टिटवीचं कौतुक करून गेला आणि एक पीस ठेवून गेला. टिटवीनं ते अंड्यांवर सावलीला धरलं. मोर निवडून येतो की नाही, याच्याशी तिचं आता काही देणंघेणं उरलं नव्हतं. तिला निवडून कुणीच यायला नको होतं. निदान इतक्यात तरी.

वाघालाही घाई नव्हती. संध्याकाळी वारा सुटला की तो येऊन रिकाम्या कवचाकडून हूं घेऊन जातच होता. काळजीवाहू हूं असं त्याला नाव दिलं होतं.

घाई होती ती गव्याला. एका सकाळी तो टिटवीसमोर येऊन उभा राहिला. लांबच उभा राहिला, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

"बाई, आमची वासरं वर चिखल चाटतायत," तो म्हणाला.

"तुमच्या वासरांना जीभ तरी फुटलीय," टिटवी म्हणाली. "माझी अजून आत आहेत."

गव्यानं शेपटीनं माशा वारल्या. मग टिटवीच म्हणाली, दुसऱ्या वाटेनं उतरा की. गवा म्हणाला, नवी वाट अध्यक्षाच्या हूंशिवाय होत नाही. मग अध्यक्ष व्हायच्या आधीच उतरा. तर म्हणे आधी आचारसंहिता आहे. मग अध्यक्ष झाल्यावर वाट वळवा. तर म्हणे झाल्यावर वळवीन, पण झाल्या झाल्या कळप सुटेल, तहानेला मी कसा थांबवू?

दोघंही खरं बोलत होते. म्हणून तर काही उपाय नव्हता. गवा मान खाली घालून परत गेला आणि जाताना मात्र, जन्मात पहिल्यांदाच, खाली बघून चालला.

आता जंगल सोडून जरा गावाकडं चला.

गावात बाबल गुरव होता. देवळाची पूजाअर्चा त्याच्याकडं. चार दिवस परगावी होता, परत येऊन सकाळी देवळात गेला तर देवाच्या डोक्यावर ऊन. वर पाहिलं तर निम्मं छप्पर नाही. बाबल घाबरला. आठ दिवसांवर उत्सव आला होता आणि लोकांनी त्यालाच धरलं असतं.

आता त्या मुलखात असं आहे, की काही अडलं की देवाला कौल लावतात. देवाच्या अंगाला ओलं फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारायचा. फूल उजव्या अंगानं पडलं तर हो, डाव्या अंगानं पडलं तर नाही. बाबलनं देवाला कौल लावला की देवा, तुझी कौलं कुठं गेली? जंगलात गेली काय? फूल उजवीकडं पडलं. बाबल डोक्यावर टोपली घेऊन निघाला.

माणूस येतोय म्हटल्यावर सगळं जंगल झुडपात शिरलं. प्रतिनिधी शिरले, उमेदवार शिरले. वाघही शिरला, पण तो म्हणाला मी पाहणीसाठी शिरलोय. टिटवाही शिरला, पाय वर करूनच. उघड्यावर राहिली ती एकटी टिटवी, कारण तिला अंडी सोडून शिरता येईना.

बाबलला खडकावर दोन ढीग दिसले. तो कपाळाला हात लावून मटकन बसला. "मेल्यांनी देवाक पण सोडूक नाय," तो म्हणाला आणि टोपलीत कौलं भरायला लागला. आधी मोराची भरली, मग त्यांच्यावर गव्याची. मतांचं अंतर, हरकती, पसंतीक्रम, सगळं एका टोपलीत गेलं. फुटकी त्यानं शिव्या देत नदीत फेकली.

भरता भरता त्याला कासवाचं कवच दिसलं. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, ते तुम्ही पाहिलंय. बाबलला वाटलं, देवानं आपल्याला खूण दाखवली. कवच उन्हात तापत होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी उचललं, खडकाखाली सावलीला आणलं आणि वाळूत पूर्वेकडं तोंड करून ठेवलं. टिटवीपासून हातभर अंतरावर. टिटवी भीतीनं अंड्यांवर खड्यासारखी चिकटून बसली.

बाबलनं कुड्याचं एक पांढरं फूल नदीत बुडवलं, कवचावर चिकटवलं आणि हात जोडले.

"देवा म्हाराजा," तो म्हणाला, "कौलां सगळी गावली काय? गावली असली तर उजवो कौल दी."

झुडपातून सगळे डोळे त्या फुलावर. वारा अवेळीच सुटला. कवच म्हणालं, "हूं." आणि फूल उजव्या अंगानं घरंगळलं.

बाबलच्या अंगावर काटा आला. त्यानं कवचाला दंडवत घातला आणि टोपली उचलली, तेवढ्यात टिटवीला कंठ फुटला. टिकेल का? टिकेल का? डोक्यावर देवाची कौलं आणि कानात टिटवी. बाबल मागं न बघता जो सुटला तो देवळाशीच थांबला.

जंगल बाहेर आलं. खडकावर एक कौल उरलं नव्हतं. हुप्प्या म्हणाला, पुन्हा आणू. घोरपडबाईंनी त्याला हातानं गप्प केलं. त्या कवचाकडं बघत होत्या. एवढी वर्षं नियमाला चिकटलेल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"उजवो," त्या म्हणाल्या. "ऐकलंत ना? उजवो कौल. उजवं नव्हे. पुल्लिंगी. हाच तो कौल, जो आपण सगळे मागत होतो. सर्वांसमक्ष झाला. माजी अध्यक्ष नवे अध्यक्ष म्हणून निवडून आले."

मोर खूश झाला, कारण गवा पडला. गवा खूश झाला, कारण मोर पडला. वाघ सगळ्यात खूश झाला, पण चेहऱ्यावर त्यानं गांभीर्य ठेवलं. प्रतिनिधींना विचारलं तर प्रत्येक जण म्हणाला, माझ्या मनात पहिल्यापासून हेच होतं.

आणि आचारसंहिता उठली. गवा कळपाला आणायला वर धावला.

वरून गडगडाट ऐकू आला. आधी सगळ्यांना वाटलं टाळ्या. मग धुरळा दिसला. कळप सुटला होता.

टिटवीनं खाली बघितलं. चार अंडी फुटलेली. या सगळ्या गोंधळात ती कधी फुटली, ते तिलाही कळलं नव्हतं. चार ओली पिल्लं वाळूत उभी होती. टिटवीची पिल्लं जन्मल्या जन्मल्या चालतात, पण उडत नाहीत. आणि गव्यांपुढं चालून कुठं जाणार?

टिटवी कळपासमोर गेली आणि पंख मोडल्याचं सोंग करून वाळूत फरफटू लागली. तिच्या आईनं तिला तेवढंच शिकवलं होतं. पण ते सोंग कोल्ह्यासाठी असतं. जखमी पाखरू दिसलं म्हणून गवा वाट का बदलेल? तो पाला खातो. कळप येतच राहिला. टिटव्यानं पहिल्यांदा पाय खाली घेतले आणि आभाळ सोडून पिल्लांकडं धावला. आभाळ काही पडलं नाही, पण तेव्हा कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं.

"शिरा," तो पिल्लांना म्हणाला. "दिसेल त्यात शिरा."

दिसत होतं एकच. पिल्लं एकामागून एक कवचाच्या मानेच्या भोकातून आत गेली.

कळपाच्या पुढं तोच गवा होता, पडलेला उमेदवार. खूर उचलला आणि त्याला समोर कवच दिसलं. खाली बघून चालायची सवय त्याला नुकतीच लागली होती.

"अध्यक्षमहोदय आहेत," घोरपडबाई खडकावरून म्हणाल्या. "ओलांडायचं नाही. डावी-उजवीकडून जायचं."

गवा डावीकडं वळला. त्याच्या मागचा उजवीकडं. सगळा कळप कवचापाशी दुभंगला आणि दोन्ही बाजूंनी नदीत उतरला. वासरं पोटभर पाणी प्यायली. त्या जागी वाट आजही फुटलेली आहे. वाटेचं मत फुटलं म्हणा हवं तर.

संध्याकाळी वारा सुटल्यावर वाघ नव्या कारकिर्दीचा पहिला हुकूम घेऊन आला. नदीकाठची सगळी वाळू कारभाऱ्यांच्या दुपारच्या झोपेसाठी राखून ठेवण्यात येत आहे, असा हुकूम होता. त्यानं तो मोठ्यानं म्हणून दाखवला आणि हूंची वाट बघत उभा राहिला.

आतून आवाज आला, "टिकेल का?"

वाघानं कान टवकारले. त्याला वाटलं वाऱ्यानं चुकून झालं असेल. त्यानं हुकूम पुन्हा म्हटला.

"टिकेल का? टिकेल का? टिकेल का? टिकेल का?"

त्या जंगलात हुकूम परत जाण्याची ती पहिली वेळ. वाघ शेपटी खाली घालून निघून गेला. टिटवी खडकावर चढली, नवऱ्याशेजारी पाठीवर पडली आणि दोघांनी पाय वर करून आभाळ पुन्हा ताब्यात घेतलं.

पुढं पिल्लं मोठी झाली आणि उडून गेली. कवच पुन्हा हूं म्हणायला लागलं. सगळं पूर्वीसारखं झालं. फक्त एक फरक पडला. वाघ आजही हुकूम म्हणण्याआधी खाली वाकतो, एक डोळा मिटतो आणि भोकातून आत बघतो. आत कुणी नाही ना, याची खात्री करून घेतो. मगच घसा साफ करतो.

तात्पर्य : मुलांनो, मोठ्या पदावर कुणी मोठा बसला की त्यात तो एकटाच मावतो. पद रिकामं राहिलं तर निदान चार पिल्लांची सोय होते. म्हणून अध्यक्ष निवडताना घाई करू नये, सरळ तर मुळीच जाऊ नये, आणि निवडणुकीचा वास आला की आधी शिडी लावून आपल्या घरावरची कौलं बघून यावीत.